पोरगा सापडला, बाटली देणारा कुठे आहे?

गस्तीची गाडी वस्तीत येते. मैदानाच्या कडेला पंधरा-सोळा वर्षांची पोरे बाटली घेऊन बसलेली सापडतात. मग दोन थोबाडीत, गाडीत कोंबणे, रात्रभर चौकीत बसवून ठेवणे आणि सकाळी आईबापाला बोलावून दम देणे. आपल्या कष्टकरी कुटुंबांना हे नवे नाही. पण या साऱ्या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या पोरांना बाटली दिली कोणी?

कायदा मात्र हाच प्रश्न विचारतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील कलम ७७ प्रमाणे, डॉक्टरने सांगितल्याखेरीज अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारू विकण्यासाठी वा ने-आण करण्यासाठी मुलाला वापरणाऱ्यास कलम ७८ तीच शिक्षा सांगते. म्हणजे गुत्त्यावर पोराला कामाला ठेवणारा मालक कायद्यापुढे साधा माणूस नाही, मोठा गुन्हेगार आहे.

आणि सापडलेल्या मुलाचे काय? कायदा सांगतो की, मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे आणि मुलाला त्याच्याच हवाली केले पाहिजे. मुलाला ताब्यात घेतलेच, तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे मुलाला बेडी घालायची नाही, कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, आईबापांना कळवायचे. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआरही नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करून माहिती मंडळाकडे पाठवायची. अठरा पूर्ण झालेल्या तरुणाला मात्र हे संरक्षण नाही, हेही घरोघरी माहीत असावे.

हा कायदा राबवता येतो का? येतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. देशभर संताप उसळला. मग दारू देणाऱ्या पबच्या लोकांना अटक झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टर गजाआड गेले. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पबच्या मालकाला लागू होणारे कलम वस्तीशेजारच्या दारू दुकानालाही लागू आहे. आणि श्रीमंताच्या मुलाला ज्या कायद्याने मूल मानले, त्याच कायद्याने आमच्या मोलकरणीचा, सफाई कामगाराचा मुलगाही मूलच आहे. त्याच्या वाट्याला तेवढी थोबाडीत का?

म्हणून मातांनो, पोलीस ठाण्यात जाल तेव्हा नुसते हात जोडून उभ्या राहू नका. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. बाटली कोणत्या दुकानातून, किती वाजता मिळाली, हे लिहून अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्याच अर्जाची प्रत राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्या, कारण दुकानाच्या परवान्यावर देखरेख त्यांची असते. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. एकट्या जाऊ नका. विहारातल्या महिला मंडळाला सोबत घ्या. पाच जणींचा अर्ज फाडून टाकणे सोपे नसते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घराकडेही पाहू या. कामावरून आलेला बाप पोराच्या हाती पैसे देऊन क्वार्टर आणायला पाठवतो, वरातीत मामाच भाच्याला ग्लास देतो. मुलाला दारू देणारा नात्याचा आहे म्हणून कायदा त्याला सोडत नाही. विहारात आपण पंचशील म्हणतो, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि त्याच्याही आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी बजावले होते की, नवरा असो वा मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, आणि मुलांना शाळेत घाला.

तेव्हा आपल्या आज्यांच्या हाती फक्त चूल होती. आज आपल्या हाती कायदाही आहे, आणि तो आपल्या मुलांच्या बाजूचा आहे. तो वाचू या, एकमेकींना सांगू या आणि ठाण्याच्या पायरीवर ताठ मानेने तो मागू या.

जय भीम!