मिलिटरीची गाडी दारात आणण्याआधी

एडिसनच्या एक्स्पो सेंटरमध्ये कार्यक्रमाला जाताना आपण रॅरिटन सेंटरच्या गोदामांमधून गाडी काढतो. ती सगळी जागा एकेकाळी लष्कराची होती. 1917 साली तिथे रॅरिटन आर्सेनल उभं राहिलं, ते 1960च्या दशकात बंद झालं. दारूगोळा आणि लष्करी सामान इथे साठवून जहाजांवर चढवलं जाई. पत्ता लिहायचा तो मेटाचन, न्यू जर्सी असा, म्हणजे मेट्रोपार्कच्या शेजारचं स्टेशन. तिथल्या जमिनीतला जुना दारूगोळा काढण्याचं काम नंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. तेव्हा लष्कराचं जुनं सामान हा विषय आयसेलिनकरांना तसा परका नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना गावाकडची जीप आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्या 'डिस्पोजलच्या' गाड्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, विलीजचे सुटे भाग जोडून जीप बांधायला घेतल्या. ज्यांच्या घरात कोणी फौजेत होतं त्यांना जबलपूरची जोंगाही आठवेल. त्या आठवणीपोटी इथे कोणी लष्करी गाडी घ्यायची म्हटलं, तर मला त्यात वेडेपणा वाटत नाही. फक्त क्रम चुकतो. आपण आधी गाडीच्या प्रेमात पडतो आणि मग कागद बघतो.

कागद म्हणजे एसएफ 97. सरकारी गाडी विकली गेल्याचा हा फॉर्म, त्याच्यावरून राज्याकडे टायटल मागता येतं. हा मिळणार की नुसती बिल ऑफ सेल, हे बोली लावायच्या आधी लिलावाच्या तपशिलात वाचा. हमवी जनतेला लिलावात मिळू लागली ती 2014च्या अखेरीस, आणि त्या विक्रीच्या अटीतच होतं की ही गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. नंतरच्या काही गाड्यांच्या कागदांवरही तो शेरा असतो. तो शेरा असेल तर ती शेतावर चालवा. आपल्याकडे शेत नाही, ड्राइव्हवे आहे. मित्राच्या मित्राला दुसऱ्या राज्यात टायटल मिळालं, या भरवशावर पैसे गुंतवू नका. आपल्या मोटर व्हेइकल कमिशनकडून आधी लेखी उत्तर घ्या.

हमवीसारख्या गाडीला एंड-यूज सर्टिफिकेटही भरावं लागतं. त्यात तुमचं नागरिकत्व आणि गाडीचा उपयोग विचारतात. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर तिथे जे खरं आहे तेच लिहा, आणि शंका असली तर वकिलाला विचारा. परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे 'पुढे कधीतरी भारतात नेऊ' हा बेत मनातून काढा.

गाडी पंचवीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर न्यू जर्सीत हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते. ती फक्त प्रदर्शन आणि शैक्षणिक उपयोगासाठी. ओक ट्री रोडवरच्या इंडिया डे परेडला त्या जीपने जाता येईल, कोथिंबीर आणायला नाही. आणि अडीच टनी ट्रक घेतलात तर तो रिकामाच सुमारे तेरा हजार पौंडांचा. गार्डन स्टेट पार्कवेवर 105 नंबरच्या एक्झिटच्या उत्तरेला दहा हजार पौंडांपेक्षा जड ट्रकला मनाई आहे, आणि आपलं एक्झिट 131. घरी आणायचा रस्ता आधी ठरवा.

कोणी मला विचारलं, पहिली वस्तू काय घ्यावी, तर मी म्हणेन ट्रेलर. जीपमागे लावायचा पाव टनी ट्रेलर, एम 416. रिकामा पाच-सहाशे पौंडांचा, बागेची माती, मल्च, लाकडं न्यायला उत्तम. नदी ओलांडताना तरंगावा म्हणून तो पाणबंद बांधलेला आहे. तळाला बुचं असतात, ती पावसाळ्यात उघडी ठेवा, नाहीतर अंगणात हौद तयार होईल. त्याच्या पुढे लोखंडी कडी असते. आपल्या एसयूव्हीच्या गोल बॉलवर ती बसत नाही, तिला पिंटल हुक लागतो. तो हुक आणि सेफ्टी चेन दोन्ही घ्या. दिवे 24 व्होल्टचे असतात. आपल्या 12 व्होल्टच्या गाडीला जोडले तर मिणमिणतात आणि मागच्याला ब्रेक दिसत नाही, म्हणून बल्ब आणि प्लग बदलायलाच हवेत. ट्रेलरचंही रजिस्ट्रेशन लागतं हे विसरू नका.

आता चाकं. इथे जिवाचा प्रश्न आहे. युद्धकाळातल्या जीपची कॉम्बॅट चाकं आणि हमवीची चाकं दोन अर्ध्या भागांची, नटबोल्टने जोडलेली असतात. चाक गाडीवरून काढायचे नट वेगळे आणि दोन भाग जोडणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसरे सैल केले तर चाक फुटतं, माणूस मरू शकतो. हे काम हौशी काकांनी यूट्यूब बघून करायचं नाही. आधी व्हॉल्व्हचा कोअर काढून सगळी हवा सोडायची, आणि खरं तर या चाकांची माहिती असलेल्या दुकानातच न्यायचं.

जुन्या जीपला ब्रेकचा एकच सर्किट असतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. नळ्या आणि मास्टर सिलिंडर नवे घातल्याशिवाय मुलांना मागे बसवू नका, आणि सीटबेल्ट नसतील तर तेही आधी बसवून घ्या. हमवीला किल्लीच नाही, खटका फिरवला की सुरू होते. स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप लागेल.

विम्यासाठी जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या पाहा, तिथे किंमत आधी ठरवून घेता येते. ड्राइव्हवेत उभी करण्याबद्दल टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसला आणि असोसिएशन असेल तर तिलाही विचारा. शेजाऱ्याची तक्रार येण्याआधी विचारलेलं बरं.

नुसतं बघायचं असेल तर वॉल टाउनशिपमध्ये कॅम्प इव्हान्सला इन्फोएज संग्रहालय आहे, तिथे लष्करी वाहनं ठेवलेली आहेत. ससेक्स काउंटीत ऑगस्टाच्या जत्रेच्या मैदानावर लष्करी गाड्यांचं प्रदर्शन भरत आलेलं आहे. तिथे मालकांना बॉनेट उघडायला सांगा आणि गाडीच्या किमतीऐवजी मागच्या वर्षी तिच्यावर किती खर्च झाला ते विचारा.