ट्रंकेतला वास कोणाचा?

गणपतीच्या आधीचा रविवार होता. आमच्या रत्नागिरीच्या घरी माळ्यावरून आराशीची ट्रंक खाली उतरली. झाकण उघडलं आणि सगळ्यांची नाकं एकदम मुरडली. शी, कसला कुबट वास! मखराच्या मखमलीवर पांढरे ठिपके आणि बाबांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवट लव. आजी म्हणाली, "बुरा आला गो. यंदा उघडीपच नाही मिळाली."

पण ट्रंक तर मे महिन्यातच कडी लावून ठेवली होती. मग बुरशी शिरली कुठून?

गंमत अशी, की ती तेव्हाच आत होती! बुरशीचे बीजाणू हवेत सतत तरंगत असतात. आत्ता हे वाचताना तुमच्या नाकाशेजारूनही काही जात असतील. ते इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत वीसेक तरी ओळीने मावतील. मखमलीबरोबर ते ट्रंकेत गेले आणि पाण्याची वाट बघत गप्प पडून राहिले. त्यांना घोटभर पाणीसुद्धा लागत नाही, हवेतली ओल पुरते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली, की बहुतेक बुरशींची चंगळ. कोकणात जुलैमध्ये ती कित्येक दिवस ८५च्या वरच असते.

ओल मिळाली, की बीजाणूतून धागा फुटतो. धाग्याला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. तोंड नाही, पोट नाही, मग पट्टा खाणार कसा? आपण आधी खातो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग खाते! पाचकरस बाहेरच सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. सुती कापड, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, भिंतीवरची धूळ, तिला काहीही चालतं. या जेवणातून जी रसायनं हवेत उडतात, त्यांचाच तो कुबट वास. त्यातलं एक रसायन अळंबीतही असतं, कारण अळंबी ही बुरशीच्याच घरातली.

म्हणजे वास हा निरोप आहे: इथे ओल आहे. म्हणून मला डांबरगोळ्या टाकून तो झाकणं पटत नाही. बुरशी आपली आत जेवतच राहते! त्यापेक्षा ओल शोधा. सरकलेलं कौल, गळका नळ, भिंतीला चिकटलेलं कपाट. कपाट वीतभर पुढे ओढलं, तरी मागे हवा खेळते.

आणि बुरशी कोरडी झटकू नका, लाखो बीजाणू घरभर उडतात. खिडक्या उघडून, नाकाला रुमाल बांधून, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची आणि मग जागा खडखडीत वाळवायची. हे काम मोठ्यांचं. ज्यांना दमा आहे, त्यांनी तर तेव्हा त्या खोलीत थांबूच नये.

पहिल्या पावसाचा मातीचा वास मात्र आपल्याला किती आवडतो! तो वास बनवतात स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जिवाणू. आणि त्यांच्यातलाच एक बुरशीचा वैरी निघाला. पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

आता एक प्रयोग. पावाचे दोन तुकडे घ्या. एक तव्यावर कडक वाळवा, दुसऱ्यावर चार थेंब पाणी शिंपडा. दोन वेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडं चिकटपट्टीने घट्ट बंद करा. रोज सकाळी बाहेरूनच बघा. पहिला ठिपका कोणत्या तुकड्यावर, कितव्या दिवशी आणि कोणत्या रंगाचा, ते कॅलेंडरवर लिहा. आठवड्याने पिशव्या न उघडता तशाच कचऱ्यात टाका.

आमच्या मखराची मखमल साबणाने धुऊन पंख्याखाली वाळत घातली आहे. आजी तासातासाने तिचा वास घेऊन बघते आहे.