भूविवरप्रवण प्रदेशातील गृहखरेदी : फ्लोरिडातील विमा व प्रकटीकरणविषयक कायद्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

घर ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. घर घेताना भिंती, छप्पर, पाणी, शेजार यांची चौकशी केली जाते. मालकीहक्काची कागदपत्रे तपासून घेतली जातात. पायाखालची जमीन मात्र गृहीत धरली जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम-मध्य भागात हे गृहीतक धोक्याचे ठरते. तेथील हर्नांडो, पॅस्को आणि हिल्सबरो या काउंटींचा पट्टा 'सिंकहोल गल्ली' या नावानेच ओळखला जातो. सिंकहोल म्हणजे भूविवर. जमिनीखालील पोकळीत वरचा थर खचून तयार झालेला खड्डा. दख्खनच्या बेसाल्टवर वावरणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. बेसाल्ट चुनखडकाप्रमाणे विरघळत नाही. अशा प्रदेशात घर घेणाऱ्याला कायद्यामुळे कोणती माहिती मिळते आणि कोणती मिळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूविवराची निर्मिती :

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते. हे पाणी फटींतून झिरपत चुनखडक विरघळवते आणि हजारो वर्षांत खडकात पोकळ्या तयार होतात. वरचा थर वाळूचा असेल तर वाळू हळूहळू खाली ओघळते व पृष्ठभागावर उथळ खळगा दिसू लागतो. थर चिकणमातीचा असेल तर तो पोकळीवर कमानीसारखा तग धरून राहतो आणि एके दिवशी अचानक कोसळतो. पोकळीतील पाण्याचाही छताला आधार असतो, म्हणून भूजलपातळी घटली की धोका वाढतो. जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीत प्लांट सिटी परिसरातील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीचे पीक वाचविण्यासाठी भूजलाचा प्रचंड उपसा केला. पाणीपातळी सुमारे ६० फूट खाली गेली आणि शंभराहून अधिक भूविवरे निर्माण झाली. पिकावर फवारलेल्या पाण्याची किंमत अशा रीतीने शेजारच्या घरमालकांनी मोजली.

वृत्तपत्रांत गाजतात त्या घटना वेगळ्या. मे १९८१ मध्ये विंटर पार्क येथे सुमारे ३२० फूट रुंदीच्या विवराने एक घर, काही मोटारी आणि पोहण्याच्या तलावाचा भाग गिळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सेफनर येथे शयनगृहाखालची जमीन खचून झोपलेला एक इसम गाडला गेला. त्याचा मृतदेह मिळाला नाही. ते विवर बुजविल्यानंतर २०१५ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये उघडले. असे प्रसंग विरळा. बहुतेक घरांचे नुकसान संथ असते : भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग, न लागणारे दार, कललेले कुंपण.

विमा आणि व्याख्या :

नेमके या संथ नुकसानीच्या बाबतीत विमा अपुरा पडतो. फ्लोरिडातील विमाकंपन्यांना घराच्या विम्यात 'आपत्तिजनक भूस्तर-कोसळ' या जोखमीला संरक्षण द्यावेच लागते. परंतु त्यासाठी चार अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. जमीन अचानक कोसळलेली असावी, खळगा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसावा, पायासह इमारतीची संरचनात्मक हानी झालेली असावी आणि शासकीय यंत्रणेने घर राहण्यास अयोग्य ठरवून रिकामे करण्याचा आदेश दिलेला असावा. म्हणजे भिंती तडकत असल्या तरी घर राहण्याजोगे असेपर्यंत मूळ विमा लागू होत नाही. संथ हानीसाठी 'सिंकहोल संरक्षण' जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावे लागते आणि ते देण्यापूर्वी कंपनी घराची तपासणी मागू शकते.

ही विभागणी २००७ च्या सुधारणेतून आली. दाव्यांची संख्या २००६ मधील २,३६० वरून २०१० मध्ये ६,६९४ वर गेल्याचे राज्याच्या विमा नियामकाच्या पाहणीत आढळले. भरपाई घेऊनही दुरुस्ती न करणारे घरमालक होते, अशी कंपन्यांची तक्रार होती. २०११ मध्ये संरचनात्मक हानीची व्याख्या अधिक काटेकोर करण्यात आली. कंपन्यांची तक्रार निराधार नव्हती. मात्र अडचणीत सापडलेल्या प्रामाणिक घरमालकालाही याच व्याख्येची कसोटी पार करावी लागते.

खरेदीदाराची स्थिती :

भरपाई मिळालेले पण दुरुस्त न झालेले घर पुढे विक्रीस येते, तेव्हा कायदा खरेदीदाराच्या बाजूने उभा राहतो. दावा मंजूर झाल्यास कंपनीला तपासणी अहवाल काउंटीच्या न्यायालयीन लिपिकाकडे नोंदवावा लागतो. विक्रेत्याने स्वतः दावा करून भरपाई घेतली असेल, तर ती बाब आणि संपूर्ण रक्कम दुरुस्तीसाठी वापरली की नाही, हे व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. 'स्वतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या मालकाचा दावा या कलमाच्या कक्षेत येत नाही, फेटाळलेला दावाही येत नाही. म्हणून नोंदी पाहणे खरेदीदारालाच भाग पडते.

अशा नोंदीने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. पायाखाली ग्राउटिंग करून, अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह दुरुस्त केलेल्या घराची जमीन निदान तपासलेली असते. शेजारच्या 'निर्दोष' घराखाली कोणी पाहिलेलेही नसते.

या कलमापलीकडे सर्वसाधारण न्यायतत्त्वही आहे. गळक्या छपराच्या एका प्रकरणात, जॉन्सन विरुद्ध डेव्हिस (१९८५), फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, घराच्या मूल्यावर परिणाम करणारा व सहज न दिसणारा दोष ठाऊक असल्यास विक्रेत्याने तो सांगितला पाहिजे. आपल्याकडील मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्येही असेच बंधन आहे. दोन्हीकडे ते ज्ञानावर अवलंबून आहे. विक्रेत्याला जे ठाऊक नाही, ते सांगण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भूभेदक रडार व छिद्रण-चाचणी करून जमिनीखालची स्थिती बरीचशी कळू शकते. पण ही चाचणी खरेदीपूर्वी, म्हणजे विक्रेत्याच्याच अंगणात, त्याच्या परवानगीने करावी लागते. तीत दोष आढळला आणि व्यवहार मोडला, तर विक्रेता यापुढे अज्ञानी राहत नाही. पुढच्या प्रत्येक ग्राहकाला त्याला तो दोष सांगावा लागतो. परवानगी देताना तो का कचरतो, हे यावरून समजते.