विश्लेषण : बिल्ड झाले, मागे उरलेल्या फाइलींचे काय?

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी शेतात उभी ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. फरदड घेऊ नका, असे कृषी विभाग म्हणूनच सांगतो. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे नवे नाही. पण इथल्याच ज्या मुलामुलींनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी गिटहबवर मोबाइल अ‍ॅप तयार केले, त्यांच्या खात्यातही अशीच पऱ्हाटी उभी असू शकते. तिचे नाव बिल्ड आर्टिफॅक्ट.

हे आर्टिफॅक्ट येतात कुठून?

कोडमध्ये बदल करून तो गिटहबवर पाठवला, की ‘अ‍ॅक्शन्स’ ही सेवा तो आपोआप तपासते आणि अ‍ॅप बांधून देते. यालाच कंटिन्युअस इंटिग्रेशन, थोडक्यात सीआय म्हणतात. त्यासाठी दिलेला आभासी संगणक काम संपताच मोडीत निघतो. जपून ठेवायला सांगितलेली एपीके फाइल आणि चाचणीचे अहवाल मात्र मागे राहतात, तेही मूळ सेटिंगनुसार ९० दिवस.

अडचण काय?

मोफत खात्यात खासगी रिपॉझिटरीच्या आर्टिफॅक्टसाठी ५०० एमबी जागा मिळते. ५० एमबीच्या दहा एपीके महिनाभर पडून राहिल्या, की ती संपली! मग नवी फाइल चढत नाही. घाईघाईने जुन्या फाइली पुसूनही लगेच सुटका नाही. वापर तासागणिक मोजला जातो, पुसण्याआधीचा वापर वजा होत नाही आणि फेरमोजणीला ६ ते १२ तास लागतात. सादरीकरण उद्या सकाळी असेल, तर रात्र वाया गेलीच समजा.

चोरीचा धोका कसा?

खरी बोंडअळी इथे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट ४२’ या संशोधन गटाला गुगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या खुल्या प्रकल्पांतील आर्टिफॅक्टमध्ये टोकन, म्हणजे खात्याच्या किल्ल्याच, सापडल्या. कारण अगदी साधे होते. हवी ती एक फाइल जपण्याऐवजी अख्खे फोल्डर चढवले जात होते आणि त्यातल्या लपलेल्या ‘.गिट’ फोल्डरमध्ये टोकन होते. सार्वजनिक रिपॉझिटरीचे आर्टिफॅक्ट गिटहबवर लॉगिन केलेला कोणीही उतरवून घेऊ शकतो. यानंतर गिटहबने अशा लपलेल्या फाइली आपोआप वगळायला सुरुवात केली. तरीही पासवर्ड असलेली साधी सेटिंग फाइल फोल्डरात असेल, तर ती जातेच.

साफसफाई कशी करायची?

वर्कफ्लो फाइलमध्ये ‘रिटेन्शन-डेज’ ३ किंवा ५ ठेवा आणि फोल्डरऐवजी फक्त एपीकेचा पत्ता द्या. हा बदल नव्या फाइलींनाच लागू होतो. जुन्या ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये जाऊन हाताने पुसाव्या लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे आहे. लॅबमधल्या संगणकावर जेन्किन्स चालवत असाल, तर ‘डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स’ सुरू करून शेवटचे पाच-दहा बिल्डच ठेवा. नाहीतर हार्ड डिस्क भरते.

परीक्षकांना दाखवायची अंतिम एपीके मात्र ‘रिलीजेस’ विभागात ठेवा. तिथली फाइल या ५०० एमबीत मोजली जात नाही आणि ९० दिवसांनी आपोआप पुसलीही जात नाही.