‘ओब’ म्हणजे काय?

१ शमुवेल २८ मध्ये शौल राजा एन-दोर येथील ज्या स्त्रीकडे जातो, तिच्या विद्येसाठी मूळ इब्री भाषेत ‘ओब’ हा शब्द योजिला आहे. त्याची व्युत्पत्ती विवाद्य आहे. ईयोब ३२:१९ मध्ये याच रूपाचा शब्द द्राक्षारसाच्या बुधल्यांविषयी येतो. काही विद्वान त्याचा संबंध ‘आब’ म्हणजे बाप, अर्थात पूर्वज, याच्याशी जोडतात.

अनातोलियातील हित्ती विधिलेखांत ‘आबि’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ संदर्भांवरून उलगडला : जमिनीत खणलेला खड्डा. त्यात अर्पणे सोडून अधोलोकातील दैवतांना वर बोलावीत. १९६७ साली हॅरी हॉफ्नर यांनी या दोन शब्दांचे नाते सविस्तर मांडले. यशया २९:४ मध्ये ‘ओब’चा आवाज भूमीतूनच येतो, हे लक्षणीय आहे.

तथापि लेवीय २०:२७ मध्ये ‘ओब’ मनुष्याच्या ठायी असतो. तेथे खड्डा हा अर्थ बसत नाही. म्हणून उपदेश करताना केवळ ध्वनिसाम्यावर सिद्धांत उभारू नये, असे आम्हांस वाटते. शब्दाचा उगम कोठलाही असो, परमेश्वराने उत्तर दिले नाही म्हणून शौल मृतांकडे वळला, ही त्या अध्यायाची व्यथा संदर्भातूनच स्पष्ट होते.