मूठ परत फिरते का?

मोर्शी-वरूडचा परिसर संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. या भागात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतकरी तिच्यावरून बागेत जातो, दूधवाला तिच्यावर कॅन बांधतो, शिक्षक तिच्यावरून शाळेत येतात. तुमच्याही घरी कदाचित एखादी मोटारसायकल असेल. तिच्या हँडलची उजवी मूठ तुम्ही पाहिली असेल. तिला कोणी एक्सिलेटर म्हणतात, कोणी रेस म्हणतात. या मुठीची एक गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी वरूडहून मोर्शीला परत येत होतो. मागे माझा धाकटा भाऊ बसला होता. समोर एक बैलगाडी दिसली. तिच्यात संत्र्यांची कलमे भरलेली होती आणि मागच्या बाजूला दोन लहान मुले बसली होती. वेग कमी करावा म्हणून मी मूठ सोडली. पण इंजिनाचा आवाज उतरेना! मूठ जिथे होती तिथेच अडकली होती. मी डाव्या हाताने क्लच दाबला. इंजिन मोठ्याने ओरडू लागले, पण चाकाला जाणारा जोर तुटला. मग दोन्ही ब्रेक लावले. गाडी थांबताच किल्ली फिरवून इंजिन बंद केले. बैलगाडी दोन हातांवर होती. ती मुले आमच्याकडे पाहून हसत होती. काय टळले, हे त्यांना कळलेच नव्हते.

आम्ही गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्यांनी एक्सिलेटरची वायर काढून माझ्या हातावर ठेवली. तिचे बारीक तंतू तुटून काट्यांसारखे उभे राहिले होते.

मिस्त्री म्हणाले, "सर, ही वायर आज खराब झालेली नाही. महिनाभर मूठ जड लागत असेल ना?"

"हो चाचा, लागत होती."

"मग गाडी तुम्हांला महिनाभर सांगत होती. तुम्ही ऐकलं नाही."

मला उत्तर देता आले नाही.

आता ही मूठ काम कशी करते ते पाहू. सायकलच्या ब्रेकची वायर तुम्हांला माहीत आहे. बाहेर एक नळी असते आणि तिच्या आत तार सरकते. अशा तारेचे पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले. मोटारसायकलच्या मुठीलाही अशीच तार जोडलेली असते. तिचे दुसरे टोक कार्बोरेटरमध्ये असते. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग. अनेक जुन्या गाड्यांत त्याच्या आत एक सरकती झडप असते. मूठ फिरवली की तार ओढली जाते, झडप वर उचलली जाते, जास्त मिश्रण आत जाते आणि वेग वाढतो. मूठ सोडली की झडपेवरची स्प्रिंग तिला खाली ढकलते आणि वेग कमी होतो.

इथेच खरी मेख आहे. झडप उघडताना आपल्या हाताचे बळ असते. झडप मिटताना मात्र फक्त त्या लहानशा स्प्रिंगचे बळ असते. तारेत गंज, धूळ किंवा तुटलेले तंतू असले तर घर्षण वाढते. हात त्या घर्षणावर मात करतो, म्हणून मूठ फिरवताना ती थोडी जड लागली तरी आपण दुर्लक्ष करतो. स्प्रिंग मात्र हरते. म्हणून मूठ फिरते की नाही हे पाहून भागत नाही; सोडल्यावर ती आपोआप परत फिरते की नाही, हे पाहावे लागते.

ही परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडा. ती 'टक्' असा आवाज करून मूळ जागी आली पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवून तसेच करा. नंतर पूर्ण उजवीकडे वळवून करा. तिन्ही वेळा मूठ झटकन परत आली तर ठीक. ती हळू आली, मध्येच थांबली किंवा हाताने परत आणावी लागली, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

दोष कुठे आहे, हे मिस्त्री क्रमाने शोधतात. आधी मूठ पाहतात. रबर सरकून बाजूच्या भागाला घासते का? आत चिखल वाळला आहे का? नंतर तारेचे खालचे टोक सोडवतात. तार सोडवल्यावरही मूठ जड फिरली तर दोष मुठीत किंवा तारेत आहे. मूठ सहज फिरली तर दोष बहुधा खाली, कार्बोरेटरच्या झडपेत किंवा स्प्रिंगमध्ये आहे. इंजिन चालू असताना हँडल वळवल्यावर आवाज वाढला, तर तार चुकीच्या मार्गाने बसवलेली आहे किंवा ती फार ताणलेली आहे. मूठ नीट परत येते, तरी आवाज उतरत नाही, असेही कधी होते. तेव्हा चोक चालू राहिला आहे का, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरातून हवा आत शिरते का, हे पाहावे लागते.

हा दोष टाळता येतो. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात धूळ होऊन उडते आणि पावसाळ्यात चिखल होऊन चिकटते. म्हणून हवेची जाळी वेळेवर साफ करावी. गाडी धुताना पाण्याची जोरदार धार मुठीवर आणि तारेच्या टोकावर मारू नये. तारेला पातळ तेलाचे थेंब द्यावेत. परंतु काही तारांच्या आत प्लॅस्टिकचे अस्तर असते, त्यांना तेल लागत नाही. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. मुठीला साधारण २ ते ६ मिलिमीटर ढील असावी. नेमका आकडा त्याच पुस्तिकेत पाहावा. एक तंतू जरी तुटलेला दिसला तरी तार बदलावी. बाजारातून येताना हँडलला पिशवी अडकवू नये. तिचा बंद मुठीत किंवा तारेत गुंततो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांसाठी भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा आहे. तरीही त्यांच्यापैकी बहुतेकींत तार आणि स्प्रिंग आहेतच. म्हणून ही परीक्षा त्यांच्यासाठीही उपयोगी आहे.

मूठ चालू गाडीत अडकलीच तर घाबरू नये. क्लच दाबून धरावा, दोन्ही ब्रेक लावावेत आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिन बंद करण्याचे बटण असेल तर ते लगेच दाबावे. नसेल तर किल्ली बंदच्या खुणेपर्यंतच फिरवावी. इंजिन बंद होईपर्यंत क्लच सोडू नये.

विद्यार्थी मित्रांनो, कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणून तुम्ही आज ती चालवायची नाही. पण उभ्या गाडीची मूठ तपासायला परवाना लागत नाही. उद्या सकाळी अब्बा किंवा भाईजान कामाला निघतील, तेव्हा त्यांना विचारून मूठ फिरवा, सोडा आणि 'टक्' आवाज येतो का ते ऐका. आवाज आला नाही, तर त्यांना थांबवा. मी महिनाभर जे ऐकले नाही, ते तुम्ही एका क्षणात ऐकू शकता.