पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा वसले आहे. आणि याच तालुक्यात, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन जी उथळ, पाणवनस्पतींनी भरलेली विस्तीर्ण दलदल निर्माण झाली, तिला १९८६ साली नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ती जाहीर झाली. हिवाळा लागला की चक्रवाकांपासून थापट्यांपर्यंत नाना जातींची बदके येथे उतरतात आणि त्यांच्यामागोमाग लांबलचक लेन्स खांद्यावर घेतलेले छायाचित्रकारही येतात. त्यांपैकी बहुतेकांचा ओढा निरीक्षण मनोऱ्यांकडे असतो. थवे न्याहाळण्यास अथवा त्यांची मोजदाद करण्यास मनोऱ्यासारखी सोय नाही. परंतु एका पक्ष्याचे व्यक्तिचित्र टिपण्यास तीच जागा सर्वांत प्रतिकूल, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचावरून घेतलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ दिसते, मुद्रा दिसत नाही. शिवाय त्याच्या मागे जे पाणी अथवा चिखल असतो तो त्याच्यापासून हातभर अंतरावरच असल्याने प्रत्येक काडी आणि प्रत्येक तरंग पक्ष्याइतकाच ठळक उमटतो व चित्रातील मुख्य व गौण यांचा भेद नाहीसा होतो. तोच कॅमेरा जमिनीलगत, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला, की पार्श्वभूमी एकदम दूरच्या तीरापर्यंत मागे सरते आणि विरघळून एकसंध रंगाची होते. त्या मृदू रंगापुढे पिसांची कड जी रेखीव दिसते, ती पुष्कळदा लेन्सच्या किमतीची करामत नसून छायाचित्रकाराने पोटावर पडून राहण्याची तयारी दाखविल्याचे फळ असते.

तीक्ष्णतेचा दुसरा प्रश्न अंतराच्या हिशेबाचा आहे. सहाशे मिलिमीटरची लेन्स, पूर्ण आकाराचे संवेदक असलेला कॅमेरा, एफ ६.३ इतके छिद्र आणि दहा मीटरवरचा पक्षी, असा दाखला घेतला तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण खोली सुमारे दहा सेंटिमीटर भरते. आता चमचा पक्षी पाहा. त्याची चपटी चोच वीस सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. तो समोर तोंड करून उभा राहिला आणि डोळ्यावर फोकस साधला, तर चोचीचे टोक धूसर होणार, यात यंत्राचा काहीच कसूर नाही. छिद्र एफ ११ पर्यंत लहान करून थोडी भरपाई होते, पण शटरचा वेग घटतो अथवा आयएसओ वाढवून चित्रात कण स्वीकारावे लागतात. त्यापेक्षा पक्षी आपल्याकडे बाजू करून वळेपर्यंत धीर धरावा. डोळा, चोच आणि छातीची पिसे कॅमेऱ्याशी समांतर आली की तेवढ्याच छिद्रात सारे स्पष्ट उमटते. त्यातही मस्तक किंचित आपल्या बाजूला कललेले असावे. ते किंचित पलीकडे वळले तरी चित्रातील जिवंतपणा ओसरतो. सूर्य आपल्या पाठीशी आणि खाली असेल तर बुबुळात प्रकाशाचा एक ठिपका चमकतो, व तो ठिपका असला म्हणजे पाहणाऱ्याची नजर आपोआप तेथे स्थिर होते.

निफाडच्या थंडीचा आकडा दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतो, त्याचाही या विषयाशी संबंध आहे. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि दुपारी चिखल तापतो. दोन्ही वेळी पृष्ठभागालगत कमी-अधिक घनतेचे थर हलत राहून प्रकाशकिरण वेडेवाकडे वळतात, आणि दूरचा पक्षी पाण्याखालून पाहावा तसा थरथरता दिसतो. हा दोष कोणत्याही लेन्सने किंवा मागाहून संगणकावर केलेल्या संस्काराने जात नाही. त्यावर अंतर कमी करणे हाच उपाय. आणि अंतर पाठलागाने नव्हे, तर एका जागी निश्चल बसून, पक्ष्याला आपल्या हिशेबाने जवळ येऊ देऊन कमी करावयाचे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा, वनखात्याची परवानगी आणि विणीच्या हंगामात घरट्यापासून लांब राहण्याचा शिरस्ता या बाबी येथे सर्वप्रथम पाळावयाच्या.

म्हणूनच नवशिक्याने आरंभ अभयारण्यातील दुर्मीळ पाहुण्यांपासून करू नये. सायखेड्यासारख्या नदीकाठच्या गावी, माणसांच्या वर्दळीला सरावलेला धोबी पक्षी पाण्याच्या कडेने कीटक टिपीत हिंडतो. तो शेपटी सतत खालीवर हलवितो, परंतु चालता चालता मध्येच क्षणभर थबकतो आणि त्या क्षणी मस्तक पुरते स्थिर असते. कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवून, वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवून, त्या थबकण्याला तीन-चार चित्रे सलग घ्यावीत. पहिल्या चित्रात बोटाच्या दाबाचा हादरा उतरू शकतो, म्हणून निवड करताना दुसरे-तिसरे आधी तपासावे.